महालेंची चिमूट

रघुनाथ महाले कोणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात जातात. दार उघडणाऱ्याला नमस्कार करतात, चपला काढतात, सोफ्याकडे न बघता सरळ आत शिरतात आणि पिण्याच्या पाण्याच्या भांड्यावरचं झाकण उचलतात. वाकून आत बघतात. मग विचारतात, "ओगराळं कुठंय?" लांब दांड्याचं ओगराळं जागेवर असलं तर बाहेर येऊन बसतात, चहा घेतात. नसलं तर उभ्याउभ्याच निघतात आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशाने आणलेलं ओगराळं दाराशी ठेवून जातात.

आम्ही नाशिकच्या इंदिरानगरात राहायला आलो त्या संध्याकाळी ते असेच आत आले. सामानाची खोकी अजून फोडायची होती. माझ्या बायकोला वाटलं, गॅसची जोडणी करणारा माणूस असेल. महालेंनी ओट्याभोवती एक चक्कर मारली आणि भिंतीवरच्या फिल्टरसमोर ते थांबले.

"वहिनी, याचं झाकण कुठून निघतं?"

"निघत नाही. मशीन आहे ते."

"म्हणजे आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही."

"नाही दिसत."

"आणि तुम्ही पिता."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी दाराशी स्टीलचं ओगराळं होतं. ते आमच्याकडे अजून आहे. आम्ही त्याने वरण वाढतो.

महाले आरोग्यसेवक होते. नोकरीची जवळजवळ सगळी वर्षं सुरगाणा तालुक्यात गेली. काम पाड्यापाड्यांवर फिरण्याचं. घरोघर ताप विचारायचा, बोटातून रक्त घ्यायचं, विहिरीत औषध टाकायचं, लसीच्या दिवशी मुलं गोळा करायची. सुरुवातीला हे पायी होतं, पुढे मोटरसायकलवर, आणि पावसाळ्यात कायमच पायी. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. मुलगा हैदराबादला नोकरीला आहे. पत्नी वत्सलाबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. महाले मला 'संपादक' म्हणतात. ते दुरुस्त करण्याचा प्रयत्न मी पहिल्याच वर्षी सोडला.

त्यांचं एक वाक्य इमारतीतल्या सगळ्यांना पाठ आहे. "आता मी अडाणी. मला शिकवा." नोकरीत ते प्रत्येक आईला हेच म्हणायचे. म्हणजे असं की, आधी ते बाईला सगळं नीट समजावून सांगत. बाई मान डोलवत असे. महालेंच्या मते मान डोलवणं म्हणजे 'तुम्ही आता जा' असं सांगणं. म्हणून ते जमिनीवर मांडी घालून बसत आणि म्हणत, "आता मी अडाणी. मला शिकवा." मग बाईला तेच सगळं स्वतः करून दाखवावं लागे. काय कळलं नाही ते तिथे दिसे.

ही सवय शहरात आल्यावर सुटली नाही. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरींनी पाण्याची टाकी धुतल्याचं जाहीर केलं. महाले उठले.

"सेक्रेटरीसाहेब, आता मी अडाणी. मला शिकवा. टाकी कशी धुतात?"

सेक्रेटरी म्हणाले, "म्हणजे, आधी पाणी काढायचं."

"कुठून?"

टाकीला खाली एक व्हॉल्व्ह आहे हे सेक्रेटरींना माहीत नव्हतं. पुढच्या रविवारी टाकी धुतली गेली. महाले वर उभे होते.

एकदा ते आणि मी एका मंगल कार्यालयात लग्नाला गेलो होतो. अक्षता पडायच्या आत महाले दिसेनासे झाले. ते भटारखान्यामागे पाण्याचे ड्रम तपासत होते. मुलाकडच्यांना ते मुलीकडचे वाटले, मुलीकडच्यांना मुलाकडचे. त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्यांच्यामागे अदबीने फिरत होते आणि ड्रमवर झाकणं आली.

नाशिकमधली एक संस्था दर हिवाळ्यात परदेशी आरोग्य कार्यकर्त्यांचा अभ्यासवर्ग भरवते. परदेशी म्हणजे श्रीमंत देशांतले नव्हेत. नेपाळ, इथिओपिया, मलावी, बांगलादेश असे देश, जिथे डॉक्टर दूर असतो आणि गावातली शिकवून तयार केलेली बाई जवळ असते. ज्यांचे प्रश्न सारखे आहेत त्यांनी उत्तरंही एकमेकांची बघावीत, एवढीच त्यामागची कल्पना. एक आठवडा शहरात व्याख्यानं होतात आणि एक आठवडा सुरगाण्यात प्रत्यक्ष काम बघायचं असतं. सुरगाण्यातले मास्तर महाले. गेली तीन वर्षं दुभाषा म्हणून मी बरोबर असतो.

दुभाष्याला फार काम नसतं. महालेंचं इंग्रजी चार शब्दांचं आहे: ओपन, क्लोज, व्हाय आणि फिनिश. बाकीचं ते मराठीतच बोलतात, फक्त सावकाश आणि मोठ्याने. पाहुण्यांना ते बरंचसं कळतं. एखाद्या घरात झाकण नसलेला हंडा दिसला की महाले तो दाखवतात, पोटावर हात फिरवतात आणि म्हणतात, "फिनिश." याचं भाषांतर मला कधी करावं लागलेलं नाही.

देशांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. त्यांच्या वहीत देश वेगळ्या पद्धतीने लिहिलेले आहेत. बाळाला पहिला घास कशाचा देतात, पाणी किती लांबून आणतात आणि मूल आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायचं की नाही हे घरात कोण ठरवतं. तिसऱ्या प्रश्नावर त्यांचा विशेष जोर असतो. सगळ्या खंडांची उत्तरं जमवल्यावर त्यांनी मला निष्कर्ष सांगितला होता.

"संपादक, जगात देश दोनच. सासू ठरवते तो एक आणि नवरा ठरवतो तो दुसरा."

"आणि आई ठरवते तो?"

"त्यासाठी तर हे सगळं चाललंय."

इथिओपियाच्या एका कार्यकर्तीने सांगितलं की त्यांच्या गावात बायका कॉफीला एकत्र जमतात, भाजण्यापासून पिण्यापर्यंत निवांत कार्यक्रम असतो, आणि आरोग्याच्या गोष्टी तिथेच सांगितल्या जातात. महालेंना हे फार आवडलं. पुढच्या महिन्यात त्यांनी एका पाड्यावर चहा ठेवला. पाड्यातले झाडून सगळे पुरुष आले. बायका चहा करत होत्या. महालेंनी बाळंतिणीच्या आहाराविषयी जमलेल्या पुरुषांना पाऊण तास सांगितलं. त्यांनी सगळ्यांनी मान डोलावली. त्यानंतर महालेंनी कार्यक्रमाची जागा बदलली. नागली, म्हणजे नाचणी, दळायला बायका गिरणीवर येतात, नंबर लावून बसून राहतात. बैठक तिथे भरू लागली. ती अजून भरते. चहा नाही, पीठ आहे. पुढच्या वर्षी इथिओपियाहून दुसरी मंडळी आली, तेव्हा महालेंनी त्यांना गिरणी दाखवली आणि छाती पुढे काढून माझ्याकडून शिकून घेतलेले शब्द सांगितले, "युवर कॉफी."

महालेंची स्वतःची निर्यात म्हणजे चिमूट. जुलाबात मुलाच्या अंगातलं पाणी जातं. त्यावर पाकिटातली पावडर मिळते, पण ओढ्याला पूर आला की पाडा तुटतो आणि पाकिटं संपतात. तेव्हा घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करता यायला हवं. महाले ते हाताच्या मापाने शिकवायचे. तांब्याभर उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांची चिमूट मीठ. मग चाखून बघायचं. डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर फेकून द्यायचं. साखर कमी-जास्त झाली तर एकवेळ चालतं, मीठ जास्त झालं तर मुलाचं नुकसान होतं, हे ते तीन-तीनदा सांगायचे. अश्रूंची ही खूण शिकवताना बायका हसत. एकीने त्यांना सांगितलं होतं, "भाऊ, आमी रडतो तवा चाखत नाय."

"मग आता रडून चाखा," महाले म्हणाले होते.

निवृत्तीनंतरही ते महिन्यातून एकदा जीपने सुरगाण्याला जात, पाड्यांवर फिरत आणि बायकांकडून पाणी करवून घेऊन चाखत. वत्सलाबाई गेल्यावर त्यांच्या फेऱ्या वाढल्या. हे कोणी त्यांना नेमून दिलेलं काम नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात संस्थेने ठरवलं की महालेंची पद्धत चित्रित करायची आणि पाहुण्यांबरोबर त्यांच्या त्यांच्या देशांत पाठवायची. महालेंनी नवा सदरा शिवला. कवळी घट्ट बसवून घेतली. जीपमध्ये त्यांनी मला दोनदा विचारलं, "मलावीत बघतील का हो हे?"

मलावीच्या एस्तर बाई त्यांच्या शेजारीच बसल्या होत्या. पस्तिशीच्या, उंच, मोजकं बोलणाऱ्या. आपल्या जिल्ह्यात त्या सायकलवरून गावं करतात. महालेंनी त्यांचा देश पहिल्याच दिवशी वहीत घातला होता: मक्याच्या पिठाची घट्ट उकड, पाणी विहिरीचं, ठरवते आजी.

चित्रीकरण ओढ्यापलीकडच्या पाड्यावर होतं. तिथली आशा कार्यकर्ती यमुना. तिला महालेंनीच तयार केलेलं. तिने अंगणात पाट मांडला, स्टीलचा तांब्या ठेवला, साखर आणि मिठाची पुडी उघडली. कॅमेरा सुरू झाला. यमुनाने मूठ टाकली, चिमूट टाकली, ढवळलं. महालेंनी वाटीत घेऊन चाखलं.

"मीठ कमी पडलंय, यमुना. अजून अर्धी चिमूट."

यमुना क्षणभर थांबली. मग तिने टाकलं. महालेंनी पुन्हा चाखलं.

"फर्स्ट क्लास."

वाटी पाहुण्यांकडे गेली. नेपाळचे गृहस्थ एक घोट पिऊन हसले. इथिओपियाच्या बाईंनी 'गुड' म्हटलं. एस्तर बाईंनी घोट घेतला, कुंपणापाशी गेल्या, थुंकल्या आणि परत आल्या. मला म्हणाल्या की हे पाणी फार खारट आहे आणि कुठल्याही मुलाला देता कामा नये.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी महालेंना सांगितलं, "बाई म्हणतात, त्यांच्याकडे मीठ जरा कमी घालतात."

हे भाषांतर चुकीचं होतं. छापायला आलं असतं तर मी ते कापलं असतं.

"असेल," महाले म्हणाले. "ज्याची त्याची चव."

एस्तर बाईंना माझं वाक्य कळलं नसलं तरी महालेंच्या चेहऱ्यावर काहीच बदल झाला नाही हे दिसलं. त्या महालेंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्याखाली बोट फिरवलं, ते जिभेला लावलं. मग वाटीकडे बोट केलं आणि मान जोरात हलवली. अश्रूंची खूण मलावीतही शिकवतात.

महालेंनी वाटी यमुनापुढे केली. "तू चाख."

यमुनाने चाखलं. "बरोबर हाय, भाऊ."

"संपादक, तुम्ही घ्या."

मी घेतलं. समुद्राचं पाणी तोंडात गेल्यासारखं होतं. आणि मला नवल वाटलं नाही, हे इथे नोंदवायला हवं. दर रविवारी महाले आमच्याकडे डबा आणतात. वांग्याचं भरीत, मटकीची उसळ. स्वतः केलेलं. ते खाता येत नाही इतकं खारट असतं. माझी बायको त्यात उकडलेला बटाटा कुस्करते. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई दही घालतात. खालच्या मजल्यावर ते सरळ गाईला जातं. 'भरीत कसं झालं होतं?' या प्रश्नाला सगळ्या इमारतीचं एकच उत्तर आहे: 'छान.' वत्सलाबाई असत्या तर पहिल्या घासाला सांगितलं असतं. त्या नव्हत्या, आणि बाकी आम्ही सगळे सभ्य होतो.

"खारट आहे," मी म्हणालो.

"किती?"

"खूप."

महालेंनी वाटी परत घेतली. हा माणूस मूर्ख नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो बरोबर तोच होता.

"माझी भाजी?"

"तीही."

"कधीपासून?"

"दोन वर्षं तरी झाली असतील."

त्यांनी वाटी पाटावर ठेवली. ओठ हलत होते. ते पाडे मोजत होते, हे मला नंतर कळलं. दोन वर्षांत किती पाड्यांवर, किती अंगणांत त्यांनी घोट घेऊन 'अजून अर्धी चिमूट' म्हटलं होतं.

"दोन पावसाळे," ते म्हणाले. "दोन पावसाळे पोरांना माझ्या जिभेवर..."

संस्थेच्या माणसाने कॅमेरा बंद केला. महाले त्याच्याकडे वळले. "बंद नका करू. चालू करा. हेही घ्या. म्हातारा चुकतो ते दाखवा. तिकडेही म्हातारे असतील."

मग ते जमिनीवर मांडी घालून बसले आणि एस्तर बाईंना म्हणाले, "आता मी अडाणी. मला शिकवा." मी भाषांतर केलं, या वेळी शब्दशः. एस्तर बाईंनी जीपमधून एक लिटरची रिकामी बाटली आणली. त्यांच्या भागात हाताचं माप त्यांनी सोडून दिलं होतं. हात सगळ्यांचे वेगळे, जिभा सगळ्यांच्या वेगळ्या, बाटली मात्र जिथे जाल तिथे तीच. बाटलीभर पाण्याला तिच्याच झाकणाने सहा झाकणं साखर आणि अर्धं झाकण मीठ. चहाच्या चमच्याने त्यांनी झाकण आधीच ताडून पाहिलेलं होतं. झाकण शीग लावून नाही, सपाट.

महालेंनी मीठ घेतलं. अर्ध्याच्या जरा वर. एस्तर बाईंनी ते ओतून टाकलं. "अगेन." दुसऱ्यांदा महालेंनी बोटाने दाबून भरलं. "अगेन."

"बाई कडक आहेत," महाले म्हणाले.

"तुमच्याहून नायत," यमुना म्हणाली.

तिसऱ्या वेळी त्यांनी काडीने सपाट केलं. एस्तर बाईंनी वाकून पाहिलं, मग उठून हात पुढे केला. महालेंनी तो दोन्ही हातांत धरला.

नाशिकला परतल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की वय, रक्तदाबाची गोळी आणि कवळी मिळून चव गेली आहे, थोडीफार येईल किंवा येणार नाही. महालेंना त्यात रस नव्हता. त्यांना एकच गोष्ट हवी होती: दोन पावसाळ्यांत त्यांच्या मापाने पाणी प्यालेलं एकेक मूल कसं आहे ते. त्यांनी पाड्यांची यादी केली. इमारतीतून आणि आजूबाजूच्या चार इमारतींतून लिटरच्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, गरम पाण्याने धुतल्या, जिन्याच्या कठड्यावर उलट्या टांगल्या. सेक्रेटरींनी त्यांना विचारलं, "महाले, भंगाराचं काम घेतलं का?"

"हो," महाले म्हणाले. "माझंच आहे."

महिनाभर ते फिरले. आठवड्यातून दोनदा मीही गेलो. पोत्यात बाटल्या, हातात वही. प्रत्येक अंगणात ते उभे राहून सांगत, "बायांनो, मी दोन वर्षं चुकीचं शिकवलं. मीठ जास्त सांगितलं. माझी चूक आहे." मग घराघरात जाऊन विचारत: पावसात कोणाला जुलाब झाले, काय पाजलं, मूल मलूल झालं का, झटके आले का, दवाखान्यात नेलं का, आता कुठंय, बोलवा त्याला. मूल धावत येई. महाले त्याच्या पापण्या खाली ओढून बघत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडत, वहीत लिहीत.

एकही मूल बिघडलं नव्हतं. पहिल्या पाड्यावर त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तिसऱ्या पाड्यावर त्यांना शंका आली. पाचव्यावर ते चिडले. "हे शक्य नाही, संपादक. या बाया माझ्यापासून काहीतरी लपवताहेत." लपवत होत्या हे उघड होतं. महाले 'माझी चूक' म्हणाले की बाया पदर तोंडाला लावत आणि एकमेकींकडे बघत. महालेंना वाटत होतं, एखादं मूल गेलेलं आहे आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही. त्या दिवसांत ते बारीक झाले.

यमुनाचा पाडा त्यांनी शेवटी ठेवला होता. दुपारची वेळ होती. यमुना चुलीपाशी होती. महाले उंबऱ्यावर बसले, मी बाहेर खाटेवर.

"यमुना, खरं सांग. कोणाचं पोर गेलं?"

"कोनाचं नाय, भाऊ."

"मग आजारी?"

"काय नाय झालं कोनाला."

"कसं नाही? तू माझ्यासमोर अर्धी चिमूट जास्तीची टाकलीस. मी बघितलं. प्रत्येक पाड्यावर टाकत होत्या."

"तुमच्यासमोर," यमुना म्हणाली.

महालेंनी वहीवरून मान वर केली.

"तुमी गेल्यावर आमी ते वतून देत होतो. दुसरं करत होतो."

"दुसरं कसलं?"

"तुमीच शिकवलेलं. पैलं. डोळ्याच्या पान्यासारखं." तिने लाकूड आत सारलं. "आमाला काय चव नाय का?"

"सगळ्याच?"

"सगळ्याच. आशांची मीटिंग झाली ना, तवा ठरलं. महाले डाक्टर आले का मीठ जादा घालायचं. गेले का फेकायचं. नव्या सुनांनाबी सांगून ठेवलंय."

गिरणीवरच्या बैठकांतून, बाजाराच्या दिवशी, माहेरी गेलेल्या मुलींकडून ही पद्धत सगळ्या पाड्यांवर पोचलेली होती. तिला व्याख्यान लागलं नव्हतं, चित्रीकरण नाही, दुभाषाही नाही. आणि दोन वर्षांत एकीनेही ती फोडली नव्हती.

महालेंनी वही मिटली. त्यांचा आवाज जरा चढला होता. "मला का सांगितलं नाही? मी तुम्हाला आयुष्यभर काय शिकवलं? चूक असेल तर तोंडावर सांगा म्हणून शिकवलं ना?"

"शिकवलं."

"मग?"

यमुनाने भाकरी उलटली.

"बाई गेल्यावर तुमी लय यायला लागले, भाऊ. महिन्याचे एकदा येत होते ते आठवड्याला यायला लागले. याचं पानी चाख, त्याचं पानी चाख. तुमच्या जिभेत काय नाय रायलं असं सांगितलं असतं, तर तुमी कशाला आले असते मग?"

चुलीत लाकूड तडतडलं. महाले अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत होते. मी ओढ्याकडे बघत होतो. या अशा वेळी दुभाष्याला काही काम नसतं.

"जेवता का?" यमुनाने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दोन ताटल्या घेतल्या. नागलीची भाकरी, उडदाची आमटी, वर मिरचीचा ठेचा. महाले हात धुऊन ताटलीशी बसले. एक घास तोडला, आमटीत बुडवला, आणि तो हात तोंडाशी नेता नेता थांबला.

"यमुना, मीठ बरोबर आहे का गं?"

"बरोबर हाय."

त्यांनी घास खाल्ला. मग दुसरा. शेजारपाजारच्या बाया एकेक करून कुडाशी येऊन उभ्या राहिल्या होत्या, सगळं फुटलंय हे त्यांना कळलेलं दिसत होतं. एक म्हातारी आत येऊन महालेंसमोर टेकली आणि आपल्या गुडघ्यांविषयी सांगू लागली. महाले जेवता जेवता ऐकत होते आणि मधूनमधून प्रश्न विचारत होते. दुसरी भाकरी त्यांनी मागून घेतली.

सुरगाण्याची जीप चारला होती. खालच्या रस्त्याने ती आली, दोनदा हॉर्न वाजवला आणि गेली. महालेंनी तो ऐकला. पुढची जीप कधी आहे, हे त्यांनी विचारलं नाही.